भाताच्या गोदामातले स्थळ

मी एस.एस.सी. पास झाले तेव्हा माझ्या पुढच्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात मतभेद नव्हता. मुलीने कॉलेजात जावे, पण इंटरपर्यंत, असे वडिलांना वाटे आणि आईलाही वाटे. मला बी.ए. व्हायचे होते. पण माझे मत कोणी विचारलेले नसल्यामुळे मतभेद म्हणून त्याची नोंद झाली नाही.

एकोणीसशे पन्नासचे दशक तेव्हा मध्यावर आले होते. आम्ही डोंबिवलीत राहत होतो आणि वडील ठाण्याच्या कचेरीत नोकरीला होते. शाळेनंतर दोन वर्षांनी इंटर आणि त्यापुढे आणखी दोन वर्षांनी बी.ए., असा तेव्हाचा क्रम होता. त्यातले इंटर हे लग्नाच्या बाजारातले नेमके माप होते. नुसती शाळा झालेली मुलगी कमी शिकलेली ठरे. बी.ए. झालेल्या मुलीला एम.ए. झालेला मुलगा शोधावा लागे, आणि त्याच्या वडिलांच्या अपेक्षाही एम.ए. झालेल्या असत. "इंटरची मुलगी कुठेही खपते," असे आई शेजारणींना सांगे. मी तिथेच बसून गहू निवडत असे.

वडिलांनी एकदा मला मुंबईचे एक मोठे कॉलेज दाखवून आणले होते. तिथे लांबच लांब व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला खिडकीमागे एक कारकून बसला होता. वडिलांनी आपले नाव, हुद्दा आणि मूळ गाव सांगायला सुरुवात केली. कारकुनाने मान वर न करता "पुढची खिडकी" एवढेच म्हटले. पुढच्या खिडकीवाल्यानेही आम्ही कोण, कुठले, हे विचारले नाही. वडिलांना तो अपमान वाटला. मला ते कॉलेज फार आवडले. आवडण्याचे कारणही तेच होते, म्हणून ते मी कोणाला सांगितले नाही.

मग कल्याणच्या कॉलेजचा विषय निघाला. तो थोरल्या काकांनी काढला. थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. ते ठाण्यात राहत, शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले होते आणि उरलेला वेळ पंचांगाला देत. कल्याणला वर्षभरापूर्वी एक लहानसे कॉलेज निघाले होते. त्यात फक्त आर्ट्सचे वर्ग होते आणि तेही इंटरपर्यंतच, कारण बी.ए.च्या वर्गाला विद्यापीठाची परवानगी मिळाली नव्हती. ही उणीव आहे असे मला वाटले. घरच्यांना तोच त्या कॉलेजचा मुख्य गुण वाटला.

"लहान कॉलेज म्हणजे घरच," काका म्हणाले. "प्राचार्य प्रत्येक मुलीला नावानं ओळखतात. पण घर न बघता मुलगी द्यायची नाही."

"द्यायची" असे ते म्हणाले आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मुलाकडचे घर बघायला जाण्याची एक पद्धत आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बसलेली होती. कॉलेज बघायला जाण्याची कसलीच पद्धत नव्हती. तेव्हा जी होती तीच वापरायची ठरली.

जूनअखेरच्या एका शनिवारी सकाळी वडील, आई, काका आणि मी असे चौघे निघालो. तीन जणांनी शुभकार्याला जाऊ नये म्हणून मला घेतले होते, असे धाकट्या बहिणीचे म्हणणे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिची जीभ वयाच्या मानाने पुढे गेली होती. आईने लग्नाकार्यातली साडी नेसली. काकांनी पंचांग पिशवीत घातले. "ताई, पदर सावरून बस हं," बहीण दारातून ओरडली, "आणि तो किती उंच आहे ते बघून ये!"

तो उंच नव्हता. कल्याण स्टेशनपासून टांग्याने खाडीच्या बाजूला गेले की भाताची एक जुनी गिरणी लागे. तिच्या गोदामात कॉलेज भरत असे. मध्ये चटयांचे पडदे बांधून दोन वर्ग केले होते. तिसऱ्या पडद्यामागे प्राचार्यांची खोली होती आणि चौथ्यामागे मुलींची. जमीन झाडून स्वच्छ केलेली होती, पण कोंड्याचा वास गेला नव्हता. चिमण्यांनाही धंदा बदलल्याचे कोणी कळवलेले नसावे. त्या वर्गात उतरत, बाकांखाली हिंडत आणि काही न मिळाल्याने चिडून ओरडत.

दारातच खुर्ची टाकून गोदामाचे मालक बसले होते. ते जवळच्याच गावचे आगरी जमीनदार. घरी भातशेती आणि मिठागरे होती. आता जमिनींचे भाव चढले होते आणि ते कॉलेजचे विश्वस्त झाले होते. अंगात पांढरा सदरा, मनगटात सोन्याचे कडे. त्यांनी आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत पाहिले, पिशवीतून डोकावणारे पंचांग पाहिले आणि आत हाक दिली.

"मास्तर! बगाला आलेत!"

प्राचार्य लगबगीने बाहेर आले. कृश बांधा, काळा कोट, आणि कोटावर थोडा कोंडा. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी बरीच वर्षे तर्कशास्त्र शिकवले होते. इथे प्राचार्य होता येते म्हणून ते आले होते. आमच्याआधी बरीच कुटुंबे येऊन गेली असावीत, कारण काय करायचे ते त्यांना पाठ होते. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि प्रवास कसा झाला ते विचारले. पाच मिनिटांत पोहे आले. प्राचार्यांच्या पत्नीने ते घरून करून पाठवले होते. वर ओले खोबरे होते. आईने पहिला घास घेतला आणि वडिलांकडे बघून किंचित मान हलवली. माझ्या अंदाजाने निम्मा प्रवेश तिथेच झाला.

त्यानंतर रीतसर पाहणी सुरू झाली. आईने पाण्याचा माठ झाकलेला आहे ना ते पाहिले, मग मुलींची खोली, मग मागचे न्हाणीघर, आणि न्हाणीघराची कडी आतून लावून पाहिली. वडिलांनी प्राध्यापकांची आडनावे विचारली. प्राध्यापक चार होते. चौघांचीही आडनावे वडिलांना मानवली. ते काय शिकवतात हे विचारायचे राहून गेले. काकांनी दाराची दिशा पाहिली. ग्रंथालय म्हणून एक कपाट होते. त्याला कुलूप होते.

"किल्ली?" मी विचारले.

"विश्वस्तांकडे," प्राचार्य म्हणाले. "पुस्तकं सुरक्षित राहतात."

तास सुरू झाला तेव्हा आम्हाला पडद्याच्या फटीतून वर्ग दाखवण्यात आला. मुलगे आधीच बसलेले होते. प्राध्यापक मुलींच्या खोलीपाशी थांबले. आतून तीन मुली बाहेर आल्या, त्यांच्या मागोमाग खाली मान घालून वर्गात शिरल्या आणि बाजूच्या पहिल्या बाकावर बसल्या. तास संपला की त्या तशाच प्राध्यापकांच्या मागून बाहेर पडत आणि पुन्हा खोलीत जात. ही पद्धत तेव्हा बहुतेक कॉलेजांत होती. आईने ती पहिल्यांदाच पाहिली.

"किती छान," ती म्हणाली. "बदकाच्या पिल्लांसारख्या."

प्राध्यापक काय शिकवत होते ते फटीतून ऐकू येत होते. मोगलांच्या जमीनमहसुलाबद्दल होते. आमच्यातल्या कोणी ते ऐकले नाही. मीही ऐकले नाही, कारण तेवढ्यात मला प्राचार्यांसमोर बसवले गेले.

त्यांनी माझे नाव विचारले, शाळा विचारली आणि मग म्हणाले, "गाता येतं का?"

"नाही."

"येतं की थोडं," आई म्हणाली.

"स्नेहसंमेलनाला स्वागतगीत लागतं," प्राचार्य म्हणाले. "बरं. तुम्हाला काही विचारायचं आहे?"

हा प्रश्न मुलीला अशा प्रसंगी नेहमीच विचारतात. त्याचे उत्तर मान हलवून द्यायचे असते.

"बी.ए.चा वर्ग कधी सुरू होणार?" मी विचारले.

प्राचार्यांनी कोटावरचा कोंडा झटकला.

"परवानगी आली की."

"कधी येणार?"

"येईल."

"अगं, आधी इंटर तर हो!" वडील हसून म्हणाले. काकाही हसले. प्राचार्य हसले, त्यांना हसणे भाग होते. दारात बसलेले विश्वस्त मात्र हसले नाहीत.

"आवो साहेब," ते वडिलांना म्हणाले, "पोरीला शिकवाची हाय का उजवाची हाय, त्या पयलं ठरवा. आमाला दोनी चालतं. फी एकच."

वडिलांनी ते ऐकू न आल्यासारखे केले. कचेरीत बावीस वर्षे काढल्याने ती कला त्यांना चांगली जमत असे.

निघताना काकांनी कॉलेजच्या स्थापनेची वेळ विचारली. मला वाटले, प्राचार्य तर्कशास्त्राचे आहेत, ते आता काहीतरी बोलतील. त्यांनी तिथी, वार, घटका आणि पळे न अडखळता सांगितली. नारळ फोडला तो क्षण त्यांच्या तोंडपाठ होता.

त्या रात्रीचे जेवण झाल्यावर काकांनी आमच्याकडेच कॉलेजची पत्रिका मांडली आणि ती माझ्या पत्रिकेशी जुळवली. गण जमला, नाडी वेगळी निघाली, गुणही पुरेसे आले. एकच अडचण होती. कॉलेजच्या पाचव्या स्थानात, म्हणजे विद्येच्या स्थानात, काहीच नव्हते.

"कॉलेजला विद्या नाही?" धाकटीने विचारले.

"गप्प बस. संस्थेच्या पत्रिकेत पंचम म्हणजे संतती," काका म्हणाले. "विद्या नव्हे."

"मग संतती नाही?"

काकांनी जरा विचार केला. "उशिरा आहे," ते म्हणाले. "सप्तमात शनी आहे."

मी त्या रात्री वडिलांना सरळ सांगितले की मला मुंबईला जायचे आहे आणि बी.ए. व्हायचे आहे. वडील रागावले नाहीत. कॉलेज मनासारखे मिळाल्यामुळे ते प्रसन्न होते.

"अगं, ते कॉलेज मोठ्या लोकांसाठी आहे. तिथे तुला कोण ओळखणार? हे कसं, आपल्या मापाचं आहे."

"कोणाच्या मापाचं?"

"आपल्या," वडील म्हणाले आणि दिवा मालवायला उठले.

जुलैमध्ये मी कल्याणला जाऊ लागले आणि चौथे बदकाचे पिल्लू झाले.

त्या दोन वर्षांबद्दल वाईट लिहायचे म्हटले तर बरेच लिहिता येईल. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला की व्याख्यान थांबे आणि प्राध्यापक हातवारे करत. पडद्यापलीकडच्या वर्गातले संस्कृत आमच्या इतिहासात मिसळे. किल्ली मागायला विश्वस्तांच्या घरी जावे लागे आणि ते भातलावणीला गेलेले असत. पण प्राचार्य तर्कशास्त्र शिकवायला उभे राहिले की कोट, कोंडा, पोहे सगळे विसरायला होई. विधान म्हणजे काय, त्याला आधार कोणता, तो काढून घेतला तर काय उरते, हे त्यांनी आम्हा अकरा जणांना शिकवले. पुढे वर्तमानपत्रात नोकरी करताना मला तेवढेच उपयोगी पडले. हाच माणूस नारळाची घटका पाठ ठेवतो, याचा मेळ मला दोन वर्षांत लागला नाही. शेवटी मी त्यांना विचारलेच.

"तुमचा विश्वास आहे का पत्रिकेवर?"

"मुळीच नाही," ते म्हणाले. "पण पालकांचा आहे, आणि पालकांशिवाय कॉलेज नाही. अनुमान काढा."

इंटरचा निकाल लागला. मी वरच्या श्रेणीत पास झाले. बी.ए.ची परवानगी आली नव्हती. वडिलांच्या दृष्टीने सगळे ठरल्याप्रमाणे झाले होते. पंधरा दिवसांत स्थळ आले. मुलगा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात नोकरीला होता आणि इंटर होता. इंटरला इंटर. आई म्हणाली, "बघ, कसं मापात माप बसलं."

मी मुंबईच्या कॉलेजचा प्रवेश अर्ज मागवला होता. तो ट्रंकेत साड्यांखाली होता आणि त्यावर वडिलांची सही लागणार होती.

मुलाकडच्यांनी पद्धतीप्रमाणे मुलीची चौकशी केली. मुलीची चौकशी शेजारी करतात, नातेवाइकांत करतात. इथे आणखी एक सोय होती: मुलगी जिथे दोन वर्षे होती तिथे करावी. मुलाचे वडील आणि मामा कल्याणला गोदामात गेले. प्राचार्यांनी त्यांना बसवले, पाणी दिले, पोहे दिले.

त्यानंतर चार दिवसांनी नकार आला. कारण कळवले होते: मुलगी उत्तम आहे, पण आमच्या मुलाला जड जाईल.

वडील दुसऱ्याच दिवशी कल्याणला गेले आणि सोबत मला घेतले. मला का घेतले ते त्यांनी सांगितले नाही. बहुधा समोरासमोर उभे करण्यासाठी.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" त्यांनी प्राचार्यांना विचारले.

"खरं ते. मुलगी हुशार आहे, स्वभावानं चांगली आहे, सध्या आमच्या कॉलेजात पहिली आहे, आणि आता मुंबईला बी.ए.ला जाणार आहे."

"कोण म्हणालं जाणार आहे?"

"तिनंच पहिल्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही हसलात म्हणून तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

वडिलांचा आवाज चढला. माझ्या मुलीचे काय करायचे ते मी ठरवीन, वगैरे. बोलणे पडद्यापलीकडे जात होते आणि मोगलांचा महसूल थांबला होता. तेव्हा विश्वस्त खुर्ची उचलून आत आले आणि आमच्यामध्ये ती ठेवून बसले.

"साहेब, घर बगाला आलाव तवा पत्रिका जुळवलीव ना?"

"हो, पण..."

"पोव खाल्लंव ना?"

वडिलांनी टोपी सारखी केली.

"पोर आमचे घरान दिलीव ना? मंग आता दिलेली पोर परत न्याला कशाला आलाव? तिचं पुढचं आमी बगू. आमचे कालेजची पयली बिये होनार ती. बोर्डावर लिवाचं हाय."

प्राचार्य आणि विश्वस्त या दोघांपैकी कोणाचाही हेतू माझे भले व्हावे हा नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण तो पहिला हेतू नव्हता. आपल्या कॉलेजची एखादी मुलगी बी.ए. होत असल्याचे विद्यापीठाच्या समितीला दाखवता आले तर परवानगी मिळेल, असा प्राचार्यांचा तर्क होता. तो त्यांनी मला नंतर आधारासकट समजावून दिला. विश्वस्तांना बोर्ड रंगवायचा होता.

घरी आल्यावर दोन दिवस वडिलांचे आईशी हळू आवाजात बोलणे चालू होते. मुलगी बी.ए. होणार ही बातमी मोहन्याहून डोंबिवलीत पोचली होती. आणखी एका इंटरवाल्या मुलाने तेवढ्यावरून पत्रिका परत पाठवली.

"आता काय करायचं हो?" आई म्हणाली.

"आता बी.ए. करावंच लागेल," वडील म्हणाले. "नाहीतर ही ना इकडची ना तिकडची. अर्धवट राहिलं तर कोणी विचारणार नाही."

मी ट्रंक उघडली. वडिलांनी अर्जावर सही केली आणि तो आधीच कसा काय घरात होता हे विचारले नाही. मी बी.ए. होणार होते. त्यासाठी जे युक्तिवाद मी दोन वर्षे मनात तयार केले होते, त्यातला एकही वापरावा लागला नाही. मुंबईच्या त्या खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता माझा अर्ज घेतला. मी कुठल्या कॉलेजातून आले ते त्याने वाचले. त्याने ते नाव ऐकलेले नसावे, आणि तसे त्याने सांगितलेही नाही.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी प्राचार्यांनी मला निरोप पाठवून एक दिवस कल्याणला बोलावून घेतले. विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला यायची होती आणि मी तिथे हजर असायला हवे होते. मी गेले. तीन गृहस्थ टांग्यातून उतरले. त्यांना बसवले, पाणी दिले, प्रवास कसा झाला ते विचारले. पोहे आले, वर ओले खोबरे. एकाने माठ पाहिला. एकाने प्राध्यापकांची आडनावे विचारली. तिसऱ्याने कपाटापाशी उभे राहून किल्ली मागितली. ती त्या दिवशी विश्वस्तांनी स्वतः आणली होती, पण कुलूप गंजले होते. मग मला समोर बोलावण्यात आले.

"ही आमची विद्यार्थिनी," प्राचार्य म्हणाले. "आता मुंबईला बी.ए.ला आहे."

"वा, वा," समितीतले एक जण म्हणाले. "गाता येतं का?"

महिन्याभराने विद्यापीठाचा निर्णय आला. कॉलेज चांगले चालले आहे. परिसर शांत आहे. तूर्त इंटरपर्यंत पुरे.

हे मी घरी सांगितले. वाटले होते, वडील निदान ओशाळतील. ते जेवत होते. त्यांनी पानावरून मान वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे अजून इंटरपर्यंतच आहे? छान. मग धाकटीला तिथेच घालू. एक कार्टी बी.ए. होतेय तेवढी पुरे."

काका त्या दिवशी आमच्याकडेच होते. त्यांनी हात धुतले आणि पिशवीतून पंचांग काढले. धाकटी बहीण तेव्हा एस.एस.सी.च्या निकालाची वाट बघत होती. ती ताक वाढायला आली होती. तिने ताकाचे भांडे खाली ठेवले.

"काका, पत्रिका जुळवा हवी तर," ती म्हणाली. "पण या वेळी घर मी बघणार. आणि बी.ए.चा वर्ग डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांच्या पोह्यांना हात लावणार नाही."